वरच्या गावची हवा

प्रिय अहो,

दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही. मधल्या वर्षांत तुम्हाला हाक मारायची वेळच आली नाही, आणि त्याआधीची हाक हीच होती, तेव्हा तीच राहू दे. तुमचं पत्र मिळालं. आपली पोर घेऊन आली. ती आता घाटरस्त्यावरचं बर्फ काढायचं यंत्र चालवते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. हिवाळ्यात वर येणारी ती एकटीच, त्यामुळे आमचं टपाल, औषधं, कंदिलाच्या काचा, सगळं तिच्याच हातून येतं. पाकिटावरचं अक्षर तिच्या ओळखीचं नव्हतं. कुणाचं ते मी सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि चहा न घेता निघाली. रस्ता बंद व्हायच्या आत खाली पोचायला हवं, असं म्हणाली. त्या दिवशी आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

तुम्ही इथल्या हवेबद्दल विचारलंत. ती अजून पूर्वीसारखीच आहे का, गाव कितपत उरलंय, माणूस बारा महिने राहू शकतो का. डॉक्टरांनी तुम्हाला उंचावर जायला सांगितलंय हेही लिहिलंत. जे विचारलंत त्याचं नीट उत्तर देते. न विचारलेलंही थोडं मध्ये येईल, कारण नुसती हवा सांगायला मी काही वेधशाळा नव्हे.

तर हवा. तुम्ही होतात तेव्हा शेवटचे बटाटे उकरून व्हायच्या आत पहिलं बर्फ यायचं, कोरडं आणि हलकं, झाडूनं लोटता येईल असं. आता ते उशिरा येतं, आणि आलं की आगंतुक पाहुण्यासारखं हातपाय पसरून बसतं. ओलं असतं. फावड्याला चिकटतं आणि छपरावर साचलं की वासे कण्हायला लागतात. खिंडीतला वारा मात्र तसाच आहे. पानं पिवळी पडली की सुरू होतो आणि दाराच्या फटी कुठे आहेत ते आपल्याला घरबसल्या दाखवतो. धुकं वाढलंय. पूर्वी सकाळी येऊन दुपारी निघून जायचं, आता कधी कधी आठवडाभर हलत नाही, मग लोहार आपल्या दारात उभा राहून ऐरणीवर दोन ठोके मारतो, मी पत्र्याची बादली वाजवते, म्हणजे दोघंही आहोत हे कळतं. त्याला माझी बादली ऐकू येत नाही, तो बहिरा झालाय. पण मी वाजवली असेल असं तो धरून चालतो.

सावलीतल्या आळीत अजूनही ऐन हिवाळ्यात ऊन पोचत नाही. सूर्य कड्यामागून येतो आणि कड्यामागेच जातो. उन्हातल्या आळीत, म्हणजे आपल्या बाजूला, दुपारी थोडा वेळ येतो. तेवढ्यात कपडे वाळवायचे, हाडं शेकायची आणि कुणाशी भांडायचं असलं तर भांडून घ्यायचं, असं तुमच्या आई म्हणायच्या. झरा उन्हाळ्याच्या शेवटी बारीक होतो. आठवडाभर तर नुसता थेंब थेंब गळत राहतो. कड्यावरचं जुनं बर्फ, जे आपल्या लहानपणी कधी पूर्ण वितळायचं नाही, ते आता दर उन्हाळ्यात वितळतं, आणि वितळलं की झऱ्याच्या पोटात काही राहत नाही. मी टाकं खोल करून घेतलंय. पाणी पुरतं. माणसंच कमी आहेत.

गावाचा इतिहास तुम्हाला सांगायचा म्हणजे आईला आजोळच्या गोष्टी सांगण्यातला प्रकार. पण तुमच्यामागे पोर मोठी झाली, तिनं तो सगळा मला विचारून घेतला, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आपण जे ऐकत आलो त्यात जाण्याचा भाग कुणी सांगितलेला नव्हता. येण्याचाच होता. दोन भाऊ चुकलेल्या मेंढ्या शोधत आले, त्यांना कड्याखाली काळा दगड दिसला, त्याचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटत होते. त्या दगडानं त्यांनी आपलं झोपडं शाकारलं. मग खालच्या लोकांनी मागितला. मग खाण झाली, खाणीबरोबर पाथरवट आले, पाथरवटांबरोबर लोहार आला, त्यांची पोरं झाली, पोरांसाठी शाळा. या डोंगराखालच्या सगळ्या घरांवर आपला दगड होता आणि सगळ्या शाळांतली पोरं आपल्या पाट्यांवर अक्षरं गिरवत होती. मग पोरांच्या हातात वह्या आल्या. तेवढ्यानं खाण बंद पडली नाही, फक्त हात कमी झाले. मग घरांवर पत्रे आले. पत्रा एका दिवसात चढतो, त्याला पाथरवट लागत नाही. शरद संपता संपता खाणीच्या तोंडाशी साखळी लावली गेली. साखळी कशाला लावली हे मला अजून समजलं नाही. आत चोरण्यासारखं दगडाशिवाय काही नव्हतं.

त्याच आठवड्यात तुम्ही निघालात. एकटे नाही, सहा-सात जण मिळून निघालात. सगळ्यांच्या बायका वळणापर्यंत आल्या होत्या. तुम्ही म्हणालात, “बर्फ वितळलं की येतो.” सगळेच असं काहीसं म्हणाले, तुम्ही वेगळं काही म्हणाला नाहीत. त्यातले तिघं परत आले आणि बायकापोरांना घेऊन पुन्हा खाली गेले. उरलेल्यांनी निरोप पाठवला, घरच्यांना बोलावून घेतलं. आपल्याकडे निरोप आला नाही. त्या वेळी मला वाटलं, तुमचं राहायचं काही जमत नसेल.

पहिली दोन-तीन वर्षं ट्रकवाल्याबरोबर तुम्ही सामान पाठवत होतात. पोरीला दर हिवाळ्याला बूट यायचे. चांगले, आतून लोकरीचे. दर वर्षी एकाच मापाचे. दुसऱ्या वर्षी मी ते टाचेकडून उसवून दिले. तिसऱ्या वर्षी लोहाराच्या नातीला देऊन टाकले. पोरीला सांगितलं की दुकानात तेवढंच माप मिळालं असणार. ती म्हणाली, हो, असंच असेल, आणि मग बरीच मोठी झाल्यावर एकदा हसत हसत म्हणाली की मी वाढते हे बाबांना कुणी कळवायला हवं होतं. मी हसले नाही, पण मला राग आला असंही नाही.

ट्रकवाला चांगला माणूस होता. त्याला जे सांगायचं होतं ते त्यानं माझ्याकडे न बघता चहाच्या कपाला सांगितलं. बंदराजवळ घर आहे, खाली शिवणकामाचं दुकान आहे, दुकान तिचं आहे. खिडकीत कुंड्या आहेत. कुंड्यांचं त्यानं का सांगितलं कोण जाणे. मी त्याला आणखी चहा हवा का विचारलं. तो गेल्यावर मी शेळ्यांचं दूध काढलं, रोजच्यापेक्षा थोडं जास्तच निघालं. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं. तुम्ही आता पत्रात लिहिलंत की ‘सध्या मी एकटाच आहे’. त्याचा अर्थ मी लावला. ती गेली असेल तर वाईट वाटलं. तिच्याशी माझं कधी काही वैर झालं नाही, बोलणंच कुठे झालं.

त्यानंतरचा हिवाळा भारी होता. छपराचं आढं मोडलं. रात्रभर कडकड चालली होती आणि सकाळी स्वयंपाकघर उघड्यावर आलं. तुमच्या आई, पोर आणि मी शेळ्यांच्या गोठ्यात राहायला गेलो. तुमच्या आई म्हणाल्या, शेळ्यांना विचारलंत का आधी? बर्फ ओसरेपर्यंत आम्ही तिथेच होतो आणि खरं सांगायचं तर घरापेक्षा ऊब होती. रस्ता मोकळा झाला तेव्हा मी म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. तुम्हाला ज्यांनी हातात छिन्नी धरायला शिकवलं तेच. त्यांना म्हटलं, छप्पर शाकारून द्या. ते म्हणाले, खोकल्यानं दोन पायऱ्या चढवत नाहीत, छपरावर कसा जाऊ. मग म्हटलं, मला शिकवा. त्यांनी मान हलवली. बायकांना शिकवलेलं नाही आजवर, म्हणाले. मी म्हटलं, “मग पुरुष कुठून आणू?” ते हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले आणि खोकला थांबल्यावर त्यांनी कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी पायानं माझ्याकडे सरकवली.

शिकायला तो आणि पुढचा उन्हाळा गेला. पापुद्रा सोडवताना छिन्नी कुठे लावायची हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. पाटी कानाशी धरून टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर छपरावर, बद्द वाजली तर अंगणात. आपलं अंगण अजून बद्द वाजणाऱ्या पाट्यांनीच फरसबंद आहे. मिस्त्री खाली अंगणात खाटेवर पडून मला शिव्या देत आणि मी वर आढ्यावर पाय फाकून बसलेली. पहिलं छप्पर गळलं. दुसऱ्यांदा उतरवून पुन्हा घातलं. ते अजून गळलेलं नाही. मिस्त्री ज्या हिवाळ्यात गेले त्या हिवाळ्यात त्यांच्या घरात पाण्याचा एक थेंब पडला नव्हता, एवढं मी त्यांच्यासाठी केलं.

त्यांच्या छातीचं मी मुद्दाम लिहिते. धुळीनं त्यांची छाती गेली होती, तुम्हीही त्याच धुळीत वाढलात. इथली हवा स्वच्छ आहे यात वाद नाही, पण हिवाळ्यात ती सुरीसारखी आत जाते. मिस्त्री तोंडावर लोकरीचा रुमाल बांधल्याशिवाय दार उघडत नसत. उन्हाळ्यात मात्र त्यांना बरं वाटायचं. डॉक्टरांना हे दोन्ही सांगा.

मग एकेक घर बंद होत गेलं. आधी सावलीतली आळी, ते साहजिकच होतं. बेकरीवाल्यानं भट्टी विझवली तेव्हा सकाळचा वास गेला आणि बरेच लोक म्हणाले की आता उठायचं तरी कशासाठी. शाळेत तीन मुलं उरली, त्यात आपली एक. मग शाळाही बंद झाली आणि पोरीला मी खालच्या गावात वसतिगृहात ठेवलं. जाणारे लोक चावी माझ्याकडे देऊन जात. येऊ उन्हाळ्यात, जरा लक्ष ठेव, म्हणत. लक्ष ठेवायचं म्हणजे छप्पर बघायचं. छप्पर गेलं की भिंत फार दिवस उभी राहत नाही. मी एकेक छप्पर करत गेले. उन्हाळ्यात काही जण खरंच येतात, खुर्च्या बाहेर काढतात, काय हवा आहे म्हणतात आणि वारा सुरू व्हायच्या आत खुर्च्या आत ठेवून जातात. माझ्या कामाचे पैसे देतात. माझं भागतं. मागच्या वर्षी शाळेच्या मास्तरीणबाई भाच्याकडे राहायला गेल्या. आता बारा महिन्यांचे आम्ही दोघंच, मी आणि लोहार. लोहार म्हणतो, गावची लोकसंख्या निम्म्यानं घटवायला आता एक पडसं पुरे.

तुमच्या आईंबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, त्यांना शेवटी त्रास झाला का. नाही झाला. झोपेतच गेल्या. निरोप तुम्हाला उशिरा मिळाला कारण रस्ता बंद होता. निरोप मिळाल्यावर तुम्ही आला नाहीत, त्याचं कारण मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. पण त्या आजारी पडल्या त्याच्या आधीचं एक सांगते. आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना धीर देत होतो. वितळणीचे दिवस आले की त्या म्हणायच्या, यंदा येईल बघ. मी म्हणायची, हो, यंदा रस्ता लवकर मोकळा झालाय. तुमचं अंथरूण उन्हात घालायचो, झटकायचो, पुन्हा घडी करून ठेवायचो. एका वर्षी मी गादी उचलून बाहेर नेत होते, तर त्यांनी मला दारातच थांबवलं. म्हणाल्या, “तो यायचा नाही. तू वाट बघतेस असं मला दाखवू नकोस, मीही तुला दाखवणार नाही.” मी गादी खाली ठेवली. मग आम्ही दोघी तिच्यावरच बसलो आणि मटार सोलले. तिथून पुढची चार-पाच वर्षं आमची फार सुखाची गेली. सासू-सुनेचं नातं म्हणून नाही, पण एका घरात राहणाऱ्या दोन माणसांचं जसं जमतं तसं आमचं छान जमलं. त्या गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं, म्हणून मी मधली भिंत काढून हत्यारांसाठी जागा केली.

मी इथे तुमच्यासाठी राहिले असा गावात समज होता. मी तो मोडला नाही, सोयीचा होता. वाट बघणाऱ्या बाईला कुणी फार प्रश्न विचारत नाही. पोरीनं एकदा मला खाली नेलं होतं, हिवाळाभर राहा म्हणून. तिचं घर छान आहे, तिचा नवराही मनमिळाऊ आहे, पावाच्या दुकानात असतो, पहाटे उठून जातो. पण माझ्या डोक्यावर दुसऱ्या कुणाची जमीन होती. वर कुणीतरी चालायचं, खुर्ची ओढायचं. आणि छताला टिचकी मारून बघावं तर हात पोचत नव्हता. महिना संपायच्या आत मी परत आले. पोर स्वतः यंत्र घेऊन पुढे निघाली आणि मी मागून ट्रकमध्ये. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या आणि मधून रस्ता होत चालला होता. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला, तुम्हालाही वाटला असता.

तुमचं पत्र आल्यावर मी तिला फोन केला. शाळेच्या भिंतीपाशी उभं राहिलं की इथे फोन लागतो. तिला पत्र सगळं वाचून दाखवलं. मागे यंत्राचा आवाज येत होता. मग म्हणाली, “तुझं तू ठरव. मी रस्ता सगळ्यांसाठीच साफ करते.”

ठरवायला मला दहा-बारा दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत की आता उरलेले दिवस आपल्या घरात काढावेत असं वाटतं, आणि चावी अजून उंबऱ्याशेजारच्या दगडाखाली असते का. हे पत्र मी त्याचं उत्तर म्हणून लिहायला घेतलं आणि हवेचं लिहीत बसले. तर या. वितळण सुरू झाली की या, त्याआधी छातीला झेपणार नाही. हे गाव तुमचंही आहे, तुम्हाला नको म्हणणारी मी कोण. इथे घरं भरपूर रिकामी आहेत, हवं ते बघून घ्या, मालकांशी मी बोलते. माझं विचाराल तर मास्तरीणबाईंचं घ्या. उन्हातल्या आळीत आहे, जिना नाही, आणि त्याचं छप्पर मी गेल्याच वर्षी शाकारलंय. त्यांची परवानगी घेतली आहे. लोहारानं धुराडं साफ केलं, लाकडं आम्ही दोघांनी रचून ठेवली आहेत, पलंग खिडकीशी लावलाय म्हणजे तुम्हाला दुपारचं ऊन मिळेल. आजारपणात हाकेच्या अंतरावर मी आहे, दूध रोज पोचवेन, त्याची काळजी करू नका. फक्त तुम्ही ‘आपलं घर’ म्हणून जे लिहिलंत ते रिकामं नाही. तिथे मी राहते.

तुमची होणारी शेजारीण